शोभाबाईकडे मंडळी येणार

"मंडळी म्हणजे इमारत नव्हे. मंडळी म्हणजे दगड, विटा, चुना नव्हे. मंडळी म्हणजे माणसं. जिथं माणसं, तिथं मंडळी."

हे आमचे नवे पाळक, रेव्हरंड अमर भालेराव, एका रविवारी वर्ध्याच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये म्हणाले. पुढच्याच दमात त्यांनी सूचना दिली, की शेवटी निघणाऱ्याने इमारतीची दोन्ही कुलपं नीट लावावीत आणि लावण्याआधी बाकांखाली पाहावं. मागच्या आठवड्यात एक बकरी आत राहिली होती, ती बुधवारी सापडली. त्या महिन्यातली सर्वांत नियमित उपस्थिती तिचीच होती.

आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय. बाकी मराठी मुलखात या शब्दाने बरेच संसार थाटले आहेत. भजनी मंडळी असते, नाटक मंडळी असते, आणि जुन्या वळणाचा माणूस आपल्या बायकोलाही मंडळी म्हणतो. मी तिसऱ्या अर्थाचा चाळीस वर्षांचा सभासद आहे. माझी मंडळी म्हणजे वच्छला, आणि ती इमारत नव्हे, शासन आहे.

तर त्या रविवारी घरी आल्याबरोबर वच्छलाने शोभाबाईला फोन लावला. शोभाबाई ही आमच्या चर्चची सर्वांत जुनी गायिका. गीत उचलण्याचा मान तिचा. ती ते इतक्या वरच्या पट्टीत उचलायची की पहिल्या ओळीनंतर ती एकटीच वर राहायची आणि आम्ही सगळे खाली उभे राहून तिच्याकडे पाहायचो. मागच्या वर्षी ती घरात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून ती पिपरी मेघेतल्या आपल्या दोन खोल्यांत खाटेवर आहे. तेव्हापासून आमचं गाणं सुरात असतं, आणि ऐकावंसं वाटत नाही.

वच्छलाने तिला प्रवचनाचा सारांश सांगितला. शोभाबाई म्हणाली, "असं म्हणाला का नवा पास्टर? मंडळी म्हंजे इमारत नाई म्हणून?"

"हो व. लई चांगला बोलला."

"मंग मंडळी माह्या घरी काऊन नाई येत?"

वच्छलाने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. हे फारदा घडत नाही.

"मी मेली म्हंजे येसानच ना सारे," शोभाबाई म्हणाली. "पेटी घेऊन येसान, गाणे म्हणसान, फुलं टाकसान. जितीपणी यायले काय होते? वर्ष झालं मी प्रभुभोजन नाई घेतलं, वच्छला. मले वाटते तुम्ही माहं नाव कापून टाकलं."

वच्छलाने फोन ठेवला, चपला घातल्या आणि तशीच पाळकांच्या घरी गेली. मीही मागोमाग गेलो. मंडळी जिथे जाते तिथे जावं लागतं.

पाळक अमर हा तिशीच्या आतला, अविवाहित, नगरकडचा पोरगा. स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचा. आपलं वाक्य एका आठवड्याच्या आत कोणी गंभीरपणे घेईल ही त्याला कल्पना नव्हती. वच्छलाचं ऐकून त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला. जुना पाळक गेल्यावर आमच्याकडे बरेच महिने पाळकच नव्हता, हे खरं. पण शोभाबाईकडे आम्ही का गेलो नाही, हे त्याने विचारलं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"येत्या रविवारची उपासना शोभाबाईंच्या घरी," तो म्हणाला. "प्रभुभोजनासकट." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस.

आमचे ज्येष्ठ पंच बापूराव, रेल्वेतून निवृत्त, हे कळल्यावर म्हणाले, "अन् इमारत? रविवारी बंद ठेवसान? लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणजे मंडळीच ना, बापूराव," पाळक म्हणाला. बापूरावांना फलाट चुकल्यासारखं वाटलं.

आता निरोप द्यायचा होता. शोभाबाईचा फोन बटणांचा, त्यावरचं तिला वाचता येत नाही, आणि बोलून सांगितलं तरी खाटेवरून ती तयारी काय करणार. नात स्वीटी सेवाग्रामला नर्स, ड्युटीवर फोन उचलत नाही. म्हणून पाळकाने शेजारच्या पौर्णिमाला मेसेज केला. पौर्णिमा अंगणवाडीत शिकवते आणि शोभाबाईचं दिवसभराचं पाहते. मेसेज त्याने फार मेहनतीने लिहिला. तो मी नंतर स्वतः वाचला आहे:

"प्रिय भगिनी, येत्या रविवारी सकाळी शोभाबाईंच्या घरी मंडळी येणार आहे. आम्ही दहा-बारा जण असू. कृपया त्रास घेऊ नये, चहा पुरे. स्वीटीची ड्युटी असल्यास बदलून घ्यावी. ती समोर असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपला, अमर."

स्वीटी समोर असावी, कारण शास्त्रपाठ ती छान वाचते. पण हे वाक्य मेसेजात नव्हतं. आणि वर्धा जिल्ह्यात लग्नाची पोरगी असलेल्या घरी दहा-बारा जणांची मंडळी चहाला येते ती कशासाठी, हे अंगणवाडीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यांच्या मॅडमला तर असतंच.

पौर्णिमा धावत शोभाबाईकडे गेली. "आजी, रविवारी मंडळी येऊन राह्यली."

"येऊ दे मा," शोभाबाई म्हणाली. "वर्षभर वाट पाह्यली."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मीच त बोलावलं."

पौर्णिमा खाटेवर बसली. "अन् मले सांगतलं नाई?"

"येतीन का नाई याचा भरवसा नव्हता. काय सांगू? आता येऊन राह्यले म्हंते त चांगलं आहे. माह्या डोळ्यादेखत होऊन जाईन."

"होईन, आजी. आम्ही आहो ना."

एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून त्या दोघी कितीतरी वेळ सुखाने बोलल्या. स्वीटीला पौर्णिमाने एवढंच सांगितलं, की आजीची मंडळी येतेय, ड्युटी बदल. स्वीटीने याआधी दोन स्थळांच्या वेळी जादा ड्युटी घेतली होती. यावेळी तिने मुकाट्याने बदलून घेतली, कारण तिला नेमका बरोबर अर्थ कळला होता. पौर्णिमाला वाटलं, पोरगी एकदाची समजदार झाली.

रविवारी आम्ही स्कूटरी घेऊन पिपरी मेघेला पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रांगोळी होती. रांगोळीत 'सुस्वागतम्' होतं. शोभाबाईच्या दारासमोर हिरवी जाळी ताणून मांडव घातला होता, बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेल्या लाल खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, आणि गल्लीतली चाळीसेक माणसं इस्त्रीच्या कपड्यांत उभी होती. पोह्यांवरच्या लालभडक तर्रीचा वास कोपऱ्यापर्यंत येत होता.

पाळक स्कूटरवरून उतरला आणि तिथेच थबकला. "बघितलंत, बापूराव?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपण चार भिंतींत बसून म्हणतो, कोणी येत नाही. आणि इथं पूर्ण गल्ली आपली वाट बघतेय."

"आपल्या चर्चमंधी मले खुर्ची पुसून आजपावतो कोणी देल्ली नाई," बापूराव म्हणाले. एक पोरगी त्यांची खुर्ची खरंच पुसत होती.

तेवढ्यात समोर राहणारा पुनाजी पुढे आला. पुनाजी ऑटो चालवतो. शोभाबाईला दवाखान्यात नेणं-आणणं त्याच्याकडे. त्याच्या हातात पाण्याचा गडवा होता. आमच्याकडे पाहुण्यांना पाय धुवायला पाणी देतात, नगरकडेही देत असतील. पण पाळकाने दोनच रविवारांमागे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर प्रवचन केलं होतं. पुनाजी वाकून त्याच्या पायांवर पाणी ओतू लागला तसे त्याचे डोळे भरले.

"भाऊ, हे मी तुमचे करायला हवे होते," तो म्हणाला.

पुनाजीने वर पाहिलं. पोरगा विनयशील आहे, ही पहिली नोंद त्याने तिथेच मनात केली असावी.

आम्ही बसलो. पुनाजी समोर खुर्ची ओढून बसला, त्याच्या बाजूला पौर्णिमा. बाकी गल्ली अर्धगोल करून उभी राहिली. मला वाटलं, प्रवचनाआधी प्रश्नोत्तरं आहेत. नवी पद्धत दिसते.

"पोरगा हाच का?" पुनाजीने बापूरावांना विचारलं.

"हो. हेच आमचे पाळक," बापूराव अभिमानाने म्हणाले.

"काय पाळते?"

बापूराव गोंधळले. पाळक मात्र हसला. असा प्रश्न विचारणारा श्रोता मिळावा म्हणूनच तो शिकला होता. "मेंढरं," तो म्हणाला.

अर्धगोलात कुजबुज झाली.

"किती हायेत?"

"होती पुष्कळ. आता तीसेक असतील. काही हरवली आहेत."

"हरवली? मंग पाहाले जात नाई का तुम्ही?"

"तीच तर आमची चूक, भाऊ." पाळकाचा आवाज खाली गेला. "एक तर वर्षभर हरवलेलं होतं. त्याच्यासाठीच आज इथं आलोय."

पुनाजीने पौर्णिमाकडे पाहिलं. पौर्णिमाने मांडवाकडे पाहिलं.

"म्हंजे कळप तुमचा सोताचा हाये?"

"छे छे. कळप मालकाचा. मी नुसता राखणारा."

"सोताचे बी नाईत," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"मालक चांगला हाये का?" पुनाजीने विचारलं. तो आता काळजीने विचारत होता.

"त्याच्यासारखा मालक नाही. त्याने मेंढरांसाठी जीव दिला."

"वारला?" पुनाजी म्हणाला. "मंग आता धंदा कोण पाह्यते?"

पाळक उत्तर देणार होता, आणि ते उत्तर लांबलं असतं, पण पौर्णिमाने सूत्रं हाती घेतली. "हे पाहा," ती म्हणाली, "आमची पोरगी नर्स हाये. पर्मनंट. रात्रपाळी करते. तिच्यानं मेंढरं राखनं होणार नाई, आधीच सांगून देते."

"पण ताई, हे सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे," पाळक कळकळीने म्हणाला. "स्वीटीताईंनीच काय, आजींनीसुद्धा."

"खुबा मोडल्या बाईले मेंढराईमांगं लावते," पौर्णिमा पुनाजीच्या कानात म्हणाली. कान पुनाजीचा होता, आवाज सगळ्या गल्लीला होता. वच्छलाने पदराचा बोळा तोंडात घातला. तिला बहुतेक मघाशीच कळलं होतं. मला सांगावं असं तिला वाटलं नाही.

मग पौर्णिमाने आत हाक मारली आणि स्वीटी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. सकाळपासून ती आत आजीला तयार करत होती, अंगावर पौर्णिमाची जांभळी पैठणी. मंडळीपुढे साडी चांगली दिसते, एवढंच पौर्णिमाने तिला सांगितलं होतं. तिने बाहेर पाहिलं. मांडव पाहिला, अर्धगोल पाहिला, मधल्या खुर्चीत एकटा बसवलेला पाळक पाहिला. हातातल्या ट्रेकडे पाहिलं.

"जय ख्रिस्त, पास्टर," ती म्हणाली. मग पौर्णिमाकडे वळली. "काकू, तुम्ही काय करून राह्यल्या?"

"मान खाली घाल अन् पोहे दे."

"काकू, हे आमचे पास्टर हायेत. हे आमच्या चर्चचे लोक."

"असतीन ना. पण मंडळी कुठी हाये?"

"हेच मंडळी."

सगळं एकदम थांबलं. कढई ढवळणारा झाराही थांबला. पाळकाचा चेहरा तर्रीच्या रंगाचा झाला. त्याने खिशातून फोन काढला, आपला मेसेज पुन्हा वाचला, शेवटपर्यंत वाचला, आणि फोन हळूच पालथा करून मांडीवर ठेवला.

"म्हंजे मेंढरं नाईत?" पुनाजीने विचारलं. त्याला मनापासून हलकं वाटलं होतं.

"आम्हीच मेंढरं," बापूराव करड्या आवाजात म्हणाले.

गल्ली हसली, पण जरा ओशाळूनच. पौर्णिमा उठली, खुर्च्या गोळा करा म्हणाली. लोक चुळबुळत मागे सरले. बापूरावांना हे बरंच वाटलं. ते म्हणाले, "चला, जे झालं ते झालं. आता आत बसू अन् दार लोटून घेऊ. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच हाये."

"कोण चाललं?" आतून आवाज आला.

आम्ही आत गेलो. शोभाबाई उशांना टेकून बसली होती. पांढरं लुगडं, केस विंचरलेले, हातात गीतांचं पुस्तक उलटं धरलेलं. तिने एकेकाकडे पाहिलं, जणू खात्री करून घेत होती.

"आले खरे," ती म्हणाली.

"आलो, बाई," बापूराव म्हणाले. "आता दार लावून घेतो म्हंजे शांततेत—"

"दार काऊन?"

"नियम हाये ना. बाहेरचे लोक हायेत."

"कोण बाहेरचं?" शोभाबाईने विचारलं. ती चिडली नव्हती. "बापूराव, मी पडली तवा तू आलता. केळं घेऊन. एकडाव. मी इसरली नाई, केळं गोड होतं. पण रोज सकाळी मले उठवून बसवते ते ही पौर्णिमा. दवाखान्यात कडेवर नेलं ते यानं, पुनाजीनं. स्वीटीची रात्रपाळी असली का याची बायको इथं जमिनीवर झोपते. मी प्रभुभोजन वर्षभर मांगून राह्यली, पण याईले बाहेर काढून मले नाई पाह्यजे. दार लावाचं असन त मले बी बाहेर नेऊन ठेवा."

तिला बाहेर नेऊन ठेवायला चार माणसं लागली असती, आणि ती चारही माणसं बाहेरच होती.

सगळ्यांनी पाळकाकडे पाहिलं. त्याच्या हातात भाकरीची ताटली होती. आपलंच प्रवचन असं खाटेवर बसून उत्तर मागू लागलं की माणसाचं काय होतं, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. नियम त्याला तोंडपाठ होता. शोभाबाईही समोर होती. तो ताटली या हातातून त्या हातात घेत राहिला.

"दार उघडं राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांनी या. बसा."

"पास्टर, येतो आम्ही," दारातून पौर्णिमा म्हणाली, "पण घेणार नाई हो. आमचं बौद्धाचं हाये. आमच्या प्रतिज्ञा हायेत. राग नका मानू."

"आमचा बी देव येगळाच हाये," पुनाजी म्हणाला. "पण बसतो. बसाले काय."

बापूरावांनी सुटकेचा श्वास सोडला. समोरच्याने नको म्हटल्यामुळे चर्चचा पेच सुटल्याचं हे आमच्याकडचं पहिलंच उदाहरण. जागा नव्हती म्हणून लोक उंबऱ्यावर बसले, खिडकीत बसले, मांडवात बसले. स्वीटीने जांभळ्या पैठणीतच शास्त्रपाठ वाचला. मग शोभाबाईने गीत उचललं.

पट्टी जुनीच होती. पहिल्या ओळीनंतर आम्ही नेहमीप्रमाणे खाली राहिलो. फक्त पुनाजी तिच्याबरोबर वरपर्यंत गेला, कारण त्याला गीत येत नव्हतं आणि हे इतकं उंच म्हणायचं नसतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पाळकाने भाकर मोडून तिला दिली. ती तिने घेतली. मग द्राक्षरसाचा पेला पुढे केला. शोभाबाईचा हात पेल्यापर्यंत गेला आणि थरथरू लागला. रस काठावर हिंदकळला. ती एकदम केविलवाणी झाली. वर्षभर जे मागितलं ते ओठांशी आलं होतं आणि आपल्याच हाताने सांडणार होतं.

पौर्णिमा उठली. काही न विचारता तिने एक हात आजीच्या मानेमागे घातला आणि दुसऱ्या हाताने पेला धरला. रोज सकाळी चहाचा धरते तसाच. बापूरावांनी तोंड उघडलं. वच्छलाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. पेला कोणी धरावा याबद्दल नियमात खरोखर काही नाही. मी नंतर तपासलं.

शोभाबाई प्यायली. सावकाश, थांबून, शेवटपर्यंत. पौर्णिमाने पदराने तिची हनुवटी पुसली.

मग पाळकाने प्रार्थना सुरू केली. तो काय काय म्हणाला ते सगळं मला सांगता येणार नाही, कारण माझाच चष्मा धुरकटला होता. प्रभो, आम्ही हरवलेलं मेंढरू शोधायला निघालो आणि इथं आल्यावर कळलं की हरवलेले आम्ही होतो, असं काहीसं तो म्हणाला. भिंतींच्या आत शोधलं ते उंबऱ्यावर सापडलं, असंही म्हणाला. प्रार्थना लांबत गेली. खिडकीतली माणसं डोळे पुसत होती. बापूराव उघड रडत होते. पुनाजीने हात जोडले होते, कोणाला ते त्याचं त्याला माहीत. मला त्या क्षणी वाटलं, की आता आमची मंडळी पुन्हा कधीही पूर्वीसारखी होणार नाही.

आमेन झालं. कोणी हललं नाही. पाळक खाटेशी गुडघ्यावर बसला, शोभाबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आजी, मंडळी तुमच्यासमोर आहे. अजून काही मागणं आहे का? काहीही सांगा."

शोभाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग खोलीभर दाटलेल्या माणसांकडे, आणि त्याला जवळ ओढून म्हणाली,

"हो रे बाप्पा. मंडळीले जरा बाहेर ने. मले लघवीले लागली."